पुलापाशी डावीकडे

अमेरिकेहून आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, काय काय पाहिलं? मी सांगते, बर्फ पाहिला. मग म्हणतात, आणखी काय? आणखी सांगण्यासारखं काही नाही. त्यांचा मोठा पूल धुक्यात होता, समुद्रावर गार वारा होता आणि मॉलमध्ये चालून माझे गुडघे दुखले. बर्फ मात्र मी नीट पाहिला. वरून पाहिला, खणून आतूनही पाहिला, आणि त्या बर्फातून माझा मुलगा परत आलेला पाहिला. आमच्या वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, नुसतं सांगत बसू नका, लिहून काढा. माझं शिक्षण चौथीपर्यंत. वाचायची सवय आहे, लिहायची नाही. झालं तसं लिहिते.

सनीव्हेल

मुलगा नितीन आणि सून मुग्धा सनीव्हेलला राहतात. दोघंही कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्याला गाव म्हणतात, पण पार नाही, चावडी नाही, रस्त्यावर माणूस दिसला तर तो कुत्र्याला फिरवायला निघालेला. इमारतीत निम्मे लोक आपल्याकडचे. जिन्यात उभं राहिलं की कुणाकडे आज कसली फोडणी पडली ते कळतं. पहिल्या आठवड्यात मी सगळ्या मजल्यांवर ओळखी केल्या. नितीन तिथे सात वर्षं राहतो, त्याला शेजाऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटी त्यांचा मोठा सण असतो. गुरुवारी सगळं घर एकत्र जेवतं आणि वर्षभरात जे चांगलं मिळालं त्याचे आभार मानतं. टर्की नावाचा मोठा पक्षी भाजतात. सणाला जोडून सुट्ट्या असतात, म्हणून नितीननं डोंगरात एक लाकडी घर भाड्यानं घेतलं होतं. आम्ही तिघं आणि नितीनचा मित्र अमोल. अमोल नागपूरचा. त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती, म्हणून तो आमच्यात.

"मावशी, बर्फ पाहून तुम्ही वेड्या होऊन जाल," तो गाडीत म्हणाला.

"वेडी होण्याचं माझं वय गेलं," मी म्हटलं. "थंडी किती असते ते सांग."

"नागपूरच्या उन्हाळ्याच्या बरोब्बर उलटी."

मुग्धानं मला तिचा जाड कोट दिला, लोकरी पँट दिली, मैत्रिणीचे बूट आणले. पँटवरून मी लुगडं नेसले. मुग्धा म्हणाली, "आई, साडी राहू द्या ना, भिजेल." मी म्हटलं, भिजली तर वाळेल. सामानात ज्वारीचं पीठ, घेवडा, शेंगदाण्याची चटणी आणि माझा स्टीलचा डबा घेतला. डब्यावरून नितीननं कटकट केली. "प्लॅस्टिकचे बॉक्स आहेत ना आई, हा जड होतो." मी तो घेतलाच.

डोंगरातलं घर

सिएरा नेवाडाचे डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे नाहीत. आमचं गाव पाटणच्या बाजूला, डोंगराच्या पोटाशी. आमचे डोंगर माथ्यावर सपाट असतात आणि कडे तुटलेले. तिकडचे वर टोकदार होत जातात आणि अंगावर सुईसारख्या पानांची काळी झाडं. गाडीतून उतरले तेव्हा आवाज असा काही नव्हताच. पाऊस पडला तर ऐकू येतो. बर्फ पडतो तो कळतही नाही.

घर एका चढावर होतं. दारात उभं राहिलं की खाली रस्ता दिसे आणि रस्त्याच्या शेवटी ओढ्यावरचा छोटा पूल. पुलापाशी रस्त्याला दोन फाटे फुटत. खाली किराणा मालाचं एक दुकान आणि इकडे-तिकडे दहा-बारा घरं. कचऱ्यासाठी लोखंडी पेटी, तिला आतून खटका. अस्वलाला उघडता येऊ नये म्हणून. मलाही उघडता आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडून एक गोंधळ झाला. मी लवकर उठले, दार उघडलं, पायऱ्या झाडल्या आणि सवयीप्रमाणे बादलीभर पाण्याचा सडा घातला. शेण कुठून आणणार, साधंच पाणी. आत येऊन चहा टाकला. तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला. अमोल पायऱ्यांवरून घसरत थेट खालच्या बर्फात जाऊन बसला होता. पायऱ्यांवर काच ओतल्यासारखं झालं होतं.

"मावशी," तो खालूनच ओरडला, "माझ्या जिवावर उठून राहिल्या का तुम्ही?"

"सडा घातला."

"अमेरिकेत? बर्फात? कोणासाठी?"

"दारासाठी."

नितीन हसून हसून भिंतीला टेकला. हा सगळा तमाशा शेजारच्या घरातली बाई खिडकीतून बघत होती. ती मिठाची पिशवी घेऊन आली, पायऱ्यांवर मीठ पसरलं आणि एक एक पायरी कुदळीच्या दांड्यानं ठोकून बर्फ मोकळा केला. माझ्याच वयाची, केस पांढरे आणि आखूड, पँटला गुडघ्यावर ठिगळ. नाव बेट्टी. एकटी राहते. मी तिला हातानं दाखवलं, मी पाणी टाकलं. तिनं हातानं दाखवलं, तुझं डोकं फिरलंय. पहिल्या भेटीतच बाई आवडली.

खणलेला बर्फ

त्याच दिवशी दुपारी बेट्टीबाई पुन्हा आली आणि नितीनशी बराच वेळ बोलली. मग फावडं घेऊन आम्हाला तिच्या घरामागच्या उतारावर घेऊन गेली. तरुणपणी ती डोंगरात अडकलेल्या माणसांना शोधून आणणाऱ्या लोकांत होती. आता गुडघे चालत नाहीत, म्हणून घरी बसून त्यांच्या रेडिओवर लक्ष ठेवते.

तिनं मांडीइतका खोल खड्डा खणला आणि एक बाजू सुरीनं कापल्यासारखी उभी तासली. मला वाटायचं बर्फ वरपासून खालपर्यंत एकच. तसं नव्हतं. वरचा थर घट्ट, वाऱ्यानं दाबून बसवलेला. तळाला मात्र भुसभुशीत होतं. तिनं तळात बोटं घातली आणि मूठभर बर्फ काढून माझ्या तळहातावर ठेवला. जाड साखरेचे दाणे असावेत तसे दाणे. मी मुठीत दाबले, गोळा होईना. रव्याच्या लाडवात पाक कमी पडला की हातात नुसता रवा सुटतो, तसे ते बोटांतून सांडून गेले.

नितीन तिचं बोलणं सांगत होता. "यंदा पहिला बर्फ लवकर पडला, आई, पण थोडाच. मग बरेच दिवस कोरडे गेले, रात्री कडाक्याची थंडी. त्या थंडीनं खालच्या बर्फाचे असे दाणे झाले. आता परवा त्याच्यावर हा नवा बर्फ पडला, वाऱ्यासकट. म्हणजे वरचं सगळं वजन या दाण्यांवर उभं आहे."

बेट्टीबाईनं कापलेल्या भागावर फावड्याच्या पात्यानं हलक्या चापट्या मारल्या. एक मारली, दोन मारल्या, आणि वरचा आख्खा ठोकळा दाण्यांवरून सरकून आमच्या पायाशी आला.

हे मला लगेच कळलं. आमच्याकडे पावसाळ्यात दरड येते तीही अशीच. वर गवत हिरवंगार, आत पाणी शिरून माती कातळापासून सुटलेली. वरून बघून कळत नाही. मी नितीनला म्हटलं, "तिला सांग, आमच्याकडे माती येते." त्यानं सांगितलं. ती माझ्याकडे बघून मान हलवत राहिली.

मग तिनं बोट वर करून आणखी काहीतरी दोनदा सांगितलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, हिवाळ्याच्या सुरुवातीलाच जास्त धोका. लोक उन्हाळाभर बर्फाची वाट बघत असतात, पहिला पडला की धावतात. दगड, ओंडके अजून नीट झाकलेले नसतात. आणि उतारावर जायचं नाही. उताराच्या खालूनही जायचं नाही. खालून चाललं तरी वरचं सुटतं."

हे त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गुरुवार

सणाच्या दिवशी बेट्टीबाईनं आम्हा सगळ्यांना दुपारी जेवायला बोलावलं होतं. त्याआधी नितीन आणि अमोलला थोडं फिरून यायचं होतं. बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांना रुंद जाळ्या बांधून चालतात, तशा त्यांनी भाड्यानं आणल्या होत्या. आदल्या संध्याकाळी मुग्धानं त्यांना बजावलं होतं, "मेडोमध्येच जा हं, तिथे सगळं फ्लॅट आहे." मेडो म्हणजे डोंगरापासून लांब असलेलं सपाट गवताळ रान. मुग्धाचं ऑफिसचं काम रात्री उशिरापर्यंत चाललं होतं, त्यामुळे सकाळी ती झोपलेलीच होती.

ऊन पडलं होतं. मी डब्यात भाकरी, चटणी आणि गुळाचा खडा घातला. या वेळी नितीननं कुरकुर न करता डबा घेतला.

"येतो आई. जेवायच्या आत परत."

"या," मी म्हटलं.

कुठे चाललात, असं मी विचारलं नाही. निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारायचं नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. फार तर 'लांब का?' म्हणतात. कुठे म्हटलं की काम बिघडतं, अपशकुन होतो. माझ्या आईनं कधी विचारलं नाही, सासूनं विचारलं नाही, मीही आयुष्यात कुणाला विचारलं नाही.

दुसरी रीत अशी की निघालेला माणूस दिसेनासा होईपर्यंत दारातून हलायचं नाही. पाठ वळताच दार लावून घेतलं तर ते हाकलून दिल्यासारखं होतं. तशी मी उभी राहिले. थंडी नाकाला झोंबत होती. गाडी हळूहळू खाली गेली, पुलापाशी थांबली, मागचा दिवा लुकलुकला आणि गाडी डावीकडे वळली. मी आत आले. केर मात्र लगेच काढला नाही. तोही काढत नाहीत.

जेवायची वेळ झाली तरी ते आले नाहीत. मुग्धानं फोन लावले. रेंज नव्हती. ती म्हणाली, "फोटो काढत बसले असतील." थोड्या वेळानं म्हणाली, "अमोल हळू चालतो." मग खिडकीशी जाऊन उभी राहिली.

बेट्टीबाई ॲप्रन बांधलेलीच आली. दोन माणसं कमी बघून तिचा चेहरा बदलला. तिनं मुग्धाला एकच प्रश्न विचारला. तेवढं इंग्रजी मलाही कळतं. कुठे गेलेत?

"मेडो," मुग्धा म्हणाली.

बेट्टीबाईनं वेळ घालवला नाही. फोन केला. अर्ध्या तासात पुलाजवळ गाड्या गोळा व्हायला लागल्या. ही पोलिसांची माणसं नव्हती. शोध घेणारी मंडळी आसपासच्या घरांतलीच. एक शाळेची बस चालवतो, एकजण दातांचा डॉक्टर, एक विजेच्या तारांवर काम करतो. यातून त्यांना पगार मिळत नाही. सगळे सणाच्या ताटावरून उठून आले होते. एकाच्या दाढीला अजून काहीतरी चिकटलेलं होतं. त्यांची पुढारी एक उंच बाई होती, पस्तिशीची असेल. बरोबर एक काळा कुत्रा.

मुग्धा, बेट्टीबाई आणि मी पुलापाशी गेलो. मुग्धा त्यांच्याशी भराभरा बोलत होती. माणसं पाठीवर सामान चढवून उजवीकडच्या रस्त्याला गाड्या वळवायला लागली.

"तिकडे कुठे निघालेत हे?" मी मुग्धाला विचारलं.

"मेडोकडे, आई. तिथूनच शोधायला सुरुवात करणार."

"तिकडे कशाला? नितीन डावीकडे गेला."

ती गर्रकन वळली. "काय? आई, मेडो उजवीकडे आहे."

"मला मेडो ठाऊक नाही. गाडी इथे थांबली आणि डावीकडे वळली. मी दारातून बघत होते."

"नक्की?"

"डोळ्यांनी बघितलं. मागचा दिवा डावीकडचा लुकलुकला."

"अहो, मग तुम्ही विचारलं नाही का त्यांना, कुठे चाललात म्हणून?"

"निघालेल्या माणसाला विचारतात होय कुठे?"

मुग्धाची आई पुण्याची, पण तीही विचारत नसणार. मग मुग्धा त्या उंच बाईकडे धावली आणि हात हलवून सांगायला लागली. बाई माझ्याजवळ आली. तिचे प्रश्न मुग्धा मराठीत सांगत होती.

"त्या विचारतायत, तुम्हाला इतकं नीट कसं आठवतं? लोक हात हलवतात आणि आत जातात."

"तिला सांग, आमच्यात आत जात नाहीत. माणूस दिसेनासा होईपर्यंत उभं राहतात."

मुग्धानं सांगितलं. बाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वर दाराकडे पाहिलं. मग दोघांना उजवीकडे पाठवलं आणि बाकी सगळे डावीकडे निघाले.

बेट्टीबाईचं स्वयंपाकघर

आम्ही बेट्टीबाईच्या घरी बसलो. तिच्या टेबलावर रेडिओ होता, त्यातून खरखर आणि मधूनच बोलणं ऐकू यायचं. भट्टीत टर्की भाजत होती. बेट्टीबाईनं माझ्यासमोर बटाट्यांची टोपली आणि सुरी ठेवली. काय करायचं ते सांगावं लागलं नाही. मी सोलायला लागले.

रेडिओ बोलला. मुग्धा म्हणाली, "आई, गाडी सापडली. डावीकडच्याच रस्त्याला, वर. तळ्याकडे जायची पायवाट आहे तिथे."

मी सोलत राहिले.

पुन्हा रेडिओ. "पावलं सापडली. दोघांची."

मग बराच वेळ नुसती खरखर. मग त्या उंच बाईचा आवाज आला, हळू आणि सावकाश. बेट्टीबाईनं टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले. मी मुग्धाकडे वळले.

"सांग," मी म्हटलं.

"आई..."

"सांग मुग्धा. मला ऐकायचंय."

"वरून बर्फ आलाय. पायवाटेवर. पावलं... त्या बर्फाखाली जातायत."

माझ्या हातात एक बटाटा होता, तो मी पुरा सोलला. दुसरा घेतला. रडायला आलं नाही. इतकंच मनात आलं की मी 'कुठे' विचारलं असतं तर फार फार तर तो चिडला असता. मुग्धानं माझा खांदा धरला होता. तिचे हात माझ्यापेक्षा गार होते. मी सुरी ठेवली आणि तिचे हात माझ्या पदरात घेतले. बेट्टीबाई रेडिओपासून हलली नाही. भट्टीतून वास यायला लागला तरी हलली नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. उन्हाचा पट्टा टेबलावरून भिंतीवर गेला होता. एकदम रेडिओत दोन-तीन माणसं एकत्र बोलायला लागली. मुग्धा उठून उभी राहिली.

"थांबा... कुत्र्याला बर्फाच्या ढिगात कुणाचा वास लागत नाहीये. आणि पलीकडून आवाज येतोय. काहीतरी वाजतंय. धातूचं. कुणीतरी वाजवतंय."

"तो माझा डबा आहे," मी म्हटलं.

काय झालं होतं

अंधार पडता पडता त्यांना खाली आणलं. नितीन पायी आला. अमोलला घसरगाडीवर बांधून आणलं होतं, पांघरुणातून नुसतं नाक बाहेर. बेट्टीबाईच्या दारात सगळे थांबले.

नितीननं वाकून पायांना हात लावला. मी म्हटलं, "उताराच्या खालूनही जायचं नाही, हे मला कुणी सांगितलं होतं?"

"मीच, आई."

"मराठीत सांगितलं होतंस. स्वतःला तरी कळायला हवं होतं."

"मावशी, त्याला नका बोलू," पांघरुणातून आवाज आला. "मीच म्हटलं यार, मेडोमध्ये काय पाहायचं, तळं पाहू. सकाळी निघायच्या आधीच बेत बदलला."

"तुलाही बोलणार आहे. आधी पाय बरा होऊ दे."

नितीननं मग सांगितलं ते असं. तळ्याची पायवाट सपाट होती, म्हणून त्यांना वाटलं की उताराचा प्रश्नच नाही. पायवाट मात्र एका मोठ्या उताराच्या तळातून जात होती. चालता चालता पायाखाली आवाज झाला, भरलेलं पोतं जमिनीवर टाकावं तसा. सगळा बर्फ किंचित खाली बसला. वर बघतात तर उतारावर आडवी चीर गेलेली. दोघं पुढे पळाले आणि मागे सगळा उतार खाली आला. त्यांच्या पावलांवर घराएवढा ढीग. पळताना अमोलचा पाय पातळ बर्फाखालच्या दगडांत अडकून गुडघा मुरगळला. बेट्टीबाईनं जे जे सांगितलं होतं, ते दाणे, तो दगड, तो उतार, सगळं अगदी तसंच झालं.

त्यानंतर मात्र नितीन शहाण्यासारखा वागला, हेही लिहायला हवं. उरलेला उतार ओलांडून परत यायचा प्रयत्न केला नाही. अमोलला एकटं सोडलं नाही. जुन्या दाट झाडांत त्याला नेऊन बसवलं, भाकरी दोघांत पुरवून खाल्ली, आणि मोकळ्या डब्यावर झाकण आपटत राहिला. मेडोकडे शोधत बसले असते तर तो आवाज कुणालाही ऐकू आला नसता. थंडीत रात्र काढावी लागली असती. त्या उंच बाईनं मुग्धाला सांगितलं, जखमी माणसाची ती रात्र निघाली नसती.

त्या मंडळींपैकी कुणीही पोरांना रागावलं नाही. याचं मला फार नवल वाटलं. आमच्याकडे कुणी विहिरीत पडून वाचला तर बाहेर काढणारे आधी दोन थोबाडीत देतात. यांनी चहा पाजला, पाठीवर थोपटलं. उंच बाई जाताना नितीनला एवढंच म्हणाली, निघताना कुणाला तरी सांगून जात जा. मग माझ्याकडे वळली. मुग्धानं सांगितलं, "त्या म्हणतायत, तुम्ही दारात उभ्या राहिलात, त्याबद्दल आभार."

आभार तिचे मानायचे तर तीच माझे मानत होती. मला इंग्रजीत काही येईना. मी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि तिला जाऊ दिलं. तिची मुलं घरी जेवायची थांबली होती.

टर्की एका बाजूनं करपली होती. तरी आम्ही जेवलो. जेवण्याआधी बेट्टीबाईकडची रीत अशी, प्रत्येकानं कशाबद्दल आभार मानायचे ते सांगायचं. अमोल डॉक्टरकडे गेला होता. मुग्धा रडायला लागली, तिचं बोलणं राहिलं. नितीन खाली मान घालून बसला. माझी पाळी आली. मी त्या माणसांची नावं घेतली असती, पण मला नावं माहीत नव्हती. म्हणून म्हटलं, "बस चालवणारा, दातांचा डॉक्टर, तारांवर काम करणारा, ती बाई, आणि कुत्रा." नितीननं इंग्रजी करून सांगितलं. बेट्टीबाई म्हणाली, कुत्र्याचं नाव पेपर. म्हणजे मिरी.

भाकरी

दुसऱ्या दिवशी मी बेट्टीबाईच्या बिडाच्या तव्यावर भाकरी थापल्या. उरलेलं सगळं पीठ संपवलं. घेवड्याची झणझणीत आमटी केली. शोधायला गेलेल्यांपैकी जमतील तेवढे आले. गुडघ्याला पट्टा बांधून अमोल खुर्चीवर बसला होता आणि त्यांना भाकरी कशी मोडायची ते शिकवत होता. दातांच्या डॉक्टरला इतका ठसका लागला की बेट्टीबाईनं त्याच्या पाठीत गुद्दे मारले. तरी त्यानं पुन्हा वाढून घेतलं. उंच बाई माझा डबा उलटासुलटा करून बघत होती. झाकणाला पोचे पडले होते. तो मी तिला देऊन टाकला असता, पण तिनं घेतला नाही. म्हणाली, हा तुमच्या मुलाबरोबर राहू दे. डबा आता सनीव्हेलला आहे.

निघताना मी बेट्टीबाईला नितीनकरवी विचारलं, तू एकटी राहतेस, तू बाहेर गेलीस तर कोण बघतं? तिनं समोरच्या घराकडे बोट दाखवलं. दुकानात जायचं तरी ती त्या घराला फोन करते. इथे जाते, अमुक वेळेला येते. आणि ते घरही तिला करतं. त्यांच्या डोंगरात न सांगता निघणं वाईट समजतात. मला ती रीत आपल्यापेक्षा बरी वाटली, आणि ज्याची त्याची रीत चांगली असलं काही मी म्हणणार नाही. आपली वाईट आहे.

आमची गाडी निघाली तेव्हा मी मागे वळून बघितलं. बेट्टीबाई दारात उभी होती. थंडी मरणाची होती. आम्ही पुलापाशी वळेपर्यंत ती आत गेली नाही.

घरी

परत येऊन आठवडा झाला असेल. धाकटे दीर पिशवी घेऊन अंगणातून निघाले.

मी दारातून विचारलं, "कुठे निघालात?"

ते जागच्या जागी थबकले. "वहिनी! निघताना कुठे म्हणून विचारलंत? या वयात तुम्हाला सांगायला हवं? आता आत येऊन पाणी प्यावं लागणार."

"प्या पाणी. आणि कुठे ते सांगून जा. कधी येणार तेही सांगा."

ते तणतणत आत आले, बसले, तांब्याभर पाणी प्यायले. "पाटणला. खताच्या दुकानात. संध्याकाळच्या एसटीनं येतो. झालं समाधान?"

"झालं. या."

ते समोरच्या थांब्यावर जाऊन एसटीत बसले. एसटी वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभी राहिले.